ठसा, यादी आणि चेहरा : भारतातील ओळखनोंदीचा इतिहास व खासगीपणाचा प्रश्न

प्रास्ताविक

व्यक्तीच्या खासगीपणाचा ऱ्हास हा आंतरजाल आणि भ्रमणध्वनी यांच्या प्रसाराबरोबर उद्भवलेला प्रश्न आहे, असा एक सर्वसाधारण समज आढळतो. सामाजिक माध्यमांवरील छायाचित्रे, चौकाचौकांत बसविलेले कॅमेरे आणि चेहऱ्यावरून माणूस ओळखणाऱ्या संगणकप्रणाली ही या ऱ्हासाची दृश्य रूपे असल्यामुळे तो स्वाभाविकही आहे. तथापि भारतापुरता विचार केला, तर या प्रश्नाची मुळे दीडशेहून अधिक वर्षे मागे जातात. माणसाच्या शरीरावरील खूण टिपून घ्यावी, ती वर्गवार लावून ठेवावी आणि पुढे केव्हाही तिच्या आधारे त्याला हुडकून काढावे, या कल्पनेचा पहिला मोठा प्रयोग वसाहतकालीन भारतातच झाला.

खासगीपणाच्या हक्काची चर्चा करताना सामान्यतः सॅम्युअल वॉरेन आणि लुई ब्रँडाइस यांनी १८९० साली हार्वर्ड येथील विधिविषयक नियतकालिकात लिहिलेल्या निबंधापासून आरंभ केला जातो. कोडॅकचा हाताळण्यास सोपा कॅमेरा १८८८ साली बाजारात आला होता आणि वृत्तपत्रे प्रतिष्ठितांच्या घरगुती जीवनात डोकावू लागली होती; त्या उपद्रवाविरुद्ध तो निबंध होता. भारतातील इतिहासाचा प्रारंभबिंदू मात्र निराळा आहे. येथे हा प्रश्न प्रथम प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यात उपस्थित झाला नाही. तो संशयिताच्या दारात, पोलीस ठाण्यातील नोंदवहीत आणि कुंपण घातलेल्या वसाहतीत उपस्थित झाला. प्रस्तुत निबंधात या इतिहासाचे तीन टप्पे, म्हणजे ठसा, यादी आणि चेहरा, तपासून आजच्या परिस्थितीशी त्यांचा संबंध कसा लागतो हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

१. ‘खासगी’ या शब्दाचा पूर्वार्थ

मराठीतील ‘खासगी’ हा शब्द अरबी-फारसी परंपरेतून आलेला असून मराठेशाहीच्या कारभारात त्याला नेमका अर्थ होता. राज्यकर्त्याच्या वा त्याच्या कुटुंबाच्या स्वतःच्या मालकीचे उत्पन्न, त्याचा हिशेब आणि त्यावरील कारभारी यांना ‘खासगी’ म्हटले जाई. इंदूरच्या होळकर संस्थानात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ यांचे हिशेब वेगळे असत. अहिल्याबाईंनी देशभर बांधलेल्या घाट-मंदिरांचा संबंध या खासगी उत्पन्नाशी जोडला जातो.

या शब्दार्थात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, ‘खासगी’ म्हणजे लपविलेले नव्हे, तर स्वतःच्या अधिकारातील. त्याचा विनियोग कोणी व कसा करावा हे ठरविण्याचा हक्क ज्याच्याकडे आहे ते. दुसरी अशी की, हा शब्द मुळात सत्ताधाऱ्यांच्या घराला लागू होता. सामान्य रयतेला ‘खासगी’ असे काही असते, ही कल्पना पुष्कळ उशिरा रुजली. गावगाड्यात कोण कोणाचा, कोणाच्या घरी कोण उतरले, कोण परगावी गेला, याची माहिती पाटील-कुलकर्ण्यांपासून जागल्यापर्यंत सर्वांना असे. जातीच्या उतरंडीत तळाशी असलेल्यांना या गावनजरेचा जाच अधिक सोसावा लागे. म्हणून पूर्वीच्या समाजात खासगीपणा अबाधित होता असे म्हणता येत नाही. मात्र गावाची ही माहिती माणसांच्या स्मरणात राहत असे. ती गावाच्या शिवेबाहेर फारशी जात नसे आणि पिढीबरोबर विरतही असे. परगावी जाऊन नवे आयुष्य सुरू करण्याची वाट निदान काहींना मोकळी होती. आधुनिक नोंदवहीने प्रथम ती वाट बंद केली.

२. ठसा : जंगीपूर ते कलकत्ता

जुलै १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम जेम्स हर्षेल या मुलकी अधिकाऱ्याने रस्त्यासाठी खडी पुरविणाऱ्या राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून करारावर हाताच्या पंजाचा ठसा घेतला. सही आपली नव्हे असे पुढे म्हणण्याची त्याची छातीच होऊ नये, हा त्यामागील हेतू होता. १८५७ च्या उठावाला तेव्हा जेमतेम वर्ष लोटले होते आणि एतद्देशीयांच्या शब्दावर राज्यकर्त्यांचा विश्वास उरलेला नव्हता, हा संदर्भ ध्यानात घेतला म्हणजे या लहानशा घटनेचा अर्थ स्पष्ट होतो. माणसाच्या बोलण्यापेक्षा त्याच्या शरीराची साक्ष अधिक ग्राह्य मानण्याची ही सुरुवात होती. १८७७ साली हुगळी येथे दंडाधिकारी असताना हर्षेलने निवृत्तिवेतनधारक, दस्तनोंदणी करणारे आणि तुरुंगातील कैदी यांच्या बोटांचे ठसे घेण्याची पद्धत सुरू केली. कल्याणकारी देणे, मालमत्तेचा व्यवहार आणि गुन्ह्याची नोंद या तिन्ही गोष्टी एकाच खुणेने बांधल्या जाणे, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य आहे.

ठसा घेणे सोपे होते. हजारो ठशांतून हवा तो शोधून काढणे अवघड होते. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली काम करणारे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांनी ही अडचण दूर करण्यात मोलाचा वाटा उचलला. ठशातील रेषांच्या रचनेवरून दहा बोटांचे १,०२४ प्राथमिक गट पाडणारी पद्धत त्यातून सिद्ध झाली. १८९७ साली कलकत्त्यास अंगुलिमुद्रा कार्यालय स्थापन झाले. त्यानंतर चार वर्षांनी, १९०१ मध्ये, लंडनच्या स्कॉटलंड यार्डने हीच पद्धत स्वीकारली. पद्धतीला नाव मात्र हेन्रीचे मिळाले. वसाहतीत घडविलेले देखरेखीचे साधन मायदेशी नेले गेल्याचे हे ठळक उदाहरण होय.

ठशाच्या या इतिहासाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. निरक्षर माणसाला अंगठ्याच्या ठशाने दस्तऐवजावर आपले नाव नोंदविता आले आणि तोतयेगिरीला काही प्रमाणात आळा बसला. कारावासातील माणूस तोच आहे की दुसरा, याचा निर्णय अंदाजावर न राहता पुराव्यावर होऊ लागला. तेव्हा नोंद ही सर्वस्वी अन्यायाचेच साधन होती असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. प्रश्न नोंद कोणाची, कशासाठी आणि किती काळ, हा होता. त्याचे सर्वांत कठोर उत्तर पुढील टप्प्यात मिळते.

३. यादी : जन्मतःच संशयित

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले. प्रारंभी वायव्य प्रांत, अवध व पंजाब येथे लागू असलेला हा कायदा १८७६ मध्ये बंगालला आणि १९११ च्या नव्या कायद्यान्वये मुंबई इलाख्यासह इतर प्रांतांना लागू करण्याची सोय झाली. १९२४ साली त्याचे एकत्रीकरण झाले. जमात एकदा अधिसूचित झाली की तिच्यातील व्यक्तींची नावे नोंदवहीत चढत. नोंदलेल्या व्यक्तीच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार १९११ च्या कायद्याने पोलिसांना दिला. ठराविक वेळी हजेरी देणे, मुक्काम हलविण्यापूर्वी कळविणे, परवान्याविना हद्द न ओलांडणे ही बंधने आली. सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग येथे वसाहती उभ्या राहिल्या. ‘सेटलमेंट’ हा शब्द त्या परिसरातील लोकभाषेत तेव्हापासून रूढ झाला तो आजतागायत टिकून आहे.

येथे खासगीपणाच्या अभावाचे संपूर्ण रूप दिसते. घरात रात्री माणूस झोपला आहे की नाही, पाहुणा कोण आला, बाजाराला गेलेली बाई केव्हा परतली, हे सर्व सरकारी नोंदीचा विषय झाले. नोंदीसाठी कृत्याची आवश्यकता नव्हती. कुळ पुरेसे होते. मराठी साहित्याने या अनुभवाची साक्ष जपून ठेवली आहे. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेले लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ही आत्मकथने साधारणतः दारिद्र्य व जातिव्यवस्था यांच्या संदर्भात वाचली जातात. कायदा गेल्यानंतरही शासनाची आणि गावाची नजर माणसाच्या दैनंदिन जगण्यावर कशी रोखलेली राहते, याचे दस्तऐवज म्हणूनही ती वाचता येतात.

अनंतशयनम् अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीच्या शिफारशीनंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. जमाती ‘विमुक्त’ झाल्या. परंतु यादी पूर्णतः पुसली गेली नाही. सराईत गुन्हेगारांविषयीचे प्रांतिक कायदे, मुंबई राज्यात १९५९ चा कायदा, आणि ठाण्याठाण्यांतील निगराणी नोंदवह्या यांतून जुनी नजर चालू राहिली. मे २०२४ मध्ये दिल्लीतील एका प्रकरणाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला असे बजावावे लागले की, मागास व वंचित समाजातील निरपराध माणसांची नावे पोलिसांच्या गुन्हे-इतिहासपत्रांत यांत्रिकपणे चढविली जाऊ नयेत. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला तुरुंगातील जातिभेदासंबंधीच्या निकालात न्यायालयाने कारागृह नियमावल्यांतील विमुक्त जमातींविषयीच्या पूर्वग्रहदूषित तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. रद्द झालेल्या कायद्याची नोंद बहात्तर वर्षांनंतरही काम करीत होती, असा याचा अर्थ होतो.

४. न्यायालयात : संशयिताचे दार

संविधान सभेत हा विषय निघाला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या मसुद्यात, तसेच कन्हैयालाल मुनशी यांच्या मसुद्यात, घर, कागदपत्रे वा पत्रव्यवहार यांच्या संरक्षणाचा उल्लेख होता. तो अंतिम मसुद्यात राहिला नाही. डिसेंबर १९४८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडातील सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी अवाजवी झडतीविरुद्ध संरक्षण देणारी दुरुस्ती मांडली. ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच, तथापि ती विधिमंडळाच्या हाताबाहेर ठेवणे उपयुक्त ठरेल, असे म्हणून आंबेडकरांनी तिला अनुकूलता दर्शविली. पण सभेने ती अखेर स्वीकारली नाही. मूलभूत हक्कांच्या यादीत खासगीपणाला स्वतंत्र जागा मिळाली नाही ती अशी.

पुढील इतिहास न्यायालयांनी लिहिला आणि त्याची पात्रे पुन्हा संशयितच होती. १९५४ साली एम. पी. शर्मा प्रकरणात आठ न्यायमूर्तींच्या पीठाने झडतीच्या संदर्भात खासगीपणाचा हक्क संविधानात वाचण्यास नकार दिला. त्यानंतर उत्तर प्रदेशातील खडकसिंग यांचे प्रकरण आले. १९४१ साली दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटलेल्या या माणसाच्या नावे पोलिसांनी इतिहासपत्र उघडले होते. त्याच्या घरावर गुप्त पहारा असे, हालचालींची नोंद होई आणि मध्यरात्री दार ठोठावून तो घरी आहे की नाही हे पाहिले जाई. १८ डिसेंबर १९६२ च्या निकालात न्यायालयाने रात्रीच्या या घरभेटी अवैध ठरविल्या. परंतु खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही असे बहुमताने म्हटले आणि उरलेली देखरेख कायम ठेवली. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी न्यायमूर्ती शहा यांच्यासह भिन्नमत नोंदवून खासगीपणा हा व्यक्तिस्वातंत्र्याचा आवश्यक घटक असल्याचे प्रतिपादन केले.

१९७५ च्या गोविंद प्रकरणात मध्य प्रदेशातील निगराणीचे नियम कायम राहिले, मात्र त्यांचा अर्थ संकुचितपणे लावावा असे सांगण्यात आले. महाराष्ट्रातून गेलेले मर्डीकर प्रकरण या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहे. एका स्त्रीच्या घरात जबरीने शिरल्याबद्दल बडतर्फ झालेल्या पोलीस अधिकाऱ्याच्या बाजूने, त्या स्त्रीच्या चारित्र्याकडे बोट दाखवून, उच्च न्यायालयाने कौल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. तिची समाजातील प्रतिमा काहीही असली तरी तिचे खासगीपण तिचेच आहे आणि वाटेल तेव्हा त्यावर आक्रमण करण्याचा अधिकार कोणालाही नाही, हे तत्त्व त्या निकालाने प्रस्थापित केले. १९९६ साली दूरध्वनी चोरून ऐकण्याच्या प्रथेवर न्यायालयाने मर्यादा घातल्या. अशा रीतीने प्रकरणागणिक हा हक्क घडत गेला.

५. छायाचित्राचे दोन प्रवाह

ठसा आणि यादी यांच्या समांतर छायाचित्राचा इतिहास चालू होता. छायाचित्रणाची कला १८४० च्या सुमारास भारतात पोहोचली. १८५४ साली मुंबईत छायाचित्रण संस्था स्थापन झाली व डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्या कार्यात पुढे होते. या कलेचे लवकरच दोन प्रवाह झाले.

पहिला प्रवाह सरकारी होता. १८६८ ते १८७५ या काळात वॉटसन व के यांनी संपादित केलेले ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंडांचे प्रकाशन झाले. त्यात माणसे जाती-जमातींचे नमुने म्हणून मांडलेली आहेत आणि अनेक ठिकाणी त्यांच्या स्वभावाविषयी, राजनिष्ठेविषयी शेरे जोडलेले आहेत. १९२० च्या कैदी ओळख कायद्याने मोजमापे, ठसे आणि छायाचित्रे घेण्यास वैधानिक अधिष्ठान दिले. त्या कायद्यात निर्दोष सुटलेल्या व्यक्तीची नोंद नष्ट करण्याची तरतूद होती, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

दुसरा प्रवाह घरगुती होता. राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी छायाचित्रालय काढले. तेथील व्यवस्था स्त्रियांच्याच हाती होती. पडद्यातील स्त्रीला स्वतःचे छायाचित्र हवे आहे, पण ते कोणी काढावे व कोणी पाहावे हे तिला ठरवावयाचे आहे, ही गोष्ट व्यवसायाने त्या काळी ओळखली होती. पुढे मध्यमवर्गीय घरांत लग्नाचे, बारशाचे, शाळेचे फोटो आले. विवाह जुळविताना पत्रिकेबरोबर मुलीचा फोटो पाठविला जाई आणि स्थळ न जमल्यास तो परत पाठविण्याचा शिष्टाचार होता. परत न आल्यास वडीलधारी मंडळी अस्वस्थ होत. छायाचित्राच्या प्रती मोजक्या होत्या, त्या कोणाकडे आहेत हे ठाऊक होते आणि त्या परत मागता येत होत्या, हे या रीतीमागील गृहीतक होय. काचेच्या पेटीत वा अल्बममध्ये राहणारे छायाचित्र जुन्या अर्थाने ‘खासगी’ होते : ते दाखविले जाई, परंतु दाखविणाऱ्याच्या अधिकारात.

शंभर वर्षे हे दोन प्रवाह वेगळे राहिले. पोलीस ठाण्यातील चेहरा आणि अल्बममधील चेहरा एकमेकांना भेटत नव्हते.

६. टेंभलीनंतर

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात आधार क्रमांकांचे पहिले वाटप झाले. दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांच्या प्रतिमा आणि चेहऱ्याचे छायाचित्र अशी ही नोंद होती. जी माणसे शासनाच्या कागदावर कोठेच नव्हती त्यांना ओळख मिळावी, हा योजनेचा घोषित हेतू होता आणि त्यात तथ्य होते. हुगळीच्या १८७७ च्या प्रयोगातही निवृत्तिवेतनाचा समावेश होता, याची येथे आठवण होते. परंतु शेतात वा बांधकामावर राबणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात आणि यंत्र त्या ओळखत नाही. तेव्हा शिधा अडतो. शरीराची साक्ष माणसाच्या शब्दाहून ग्राह्य मानण्याचे ते जुने सूत्र येथे उलटले. माणूस समोर उभा आहे, गाव त्याला ओळखते, पण नोंद ओळखत नाही.

आधारला आव्हान देणाऱ्या याचिकांत २०१५ साली केंद्र सरकारने एम. पी. शर्मा व खडकसिंग या निकालांचाच आधार घेऊन खासगीपणा हा मूलभूत हक्क नसल्याचा युक्तिवाद केला. एका माजी संशयिताच्या दारावरील मध्यरात्रीची थाप अशा रीतीने कोट्यवधी नागरिकांच्या प्रकरणाशी जोडली गेली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे घोषित केले आणि ते जुने निकाल त्या मर्यादेत रद्द ठरविले. सुब्बा राव यांचे भिन्नमत पंचावन्न वर्षांनी विजयी झाले. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार कायदा बऱ्याच अंशी वैध ठरला. खासगी कंपन्यांना कराराच्या आधारे आधार वापरू देणारी तरतूद मात्र टिकली नाही.

हक्क मान्य झाला, पण नोंदीचा विस्तार थांबला नाही. १९२० च्या कायद्याची जागा २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने घेतली. त्यात बुबुळे व डोळ्यांतील पडद्याच्या प्रतिमा, जैविक नमुने, हस्ताक्षरासारखी वर्तनलक्षणे यांचा समावेश झाला आणि नोंद पंचाहत्तर वर्षे जपण्याची तरतूद झाली. निर्दोष सुटणाऱ्याची नोंद नष्ट करण्याचा नियम याही कायद्यात आहे. तथापि विसाव्या शतकातील कागद आणि आजची संगणकीय प्रत यांच्या नष्ट होण्यात महदंतर आहे.

७. दोन प्रवाहांचा संगम

फेसबुक सप्टेंबर २००६ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. भारतात तत्पूर्वीच ऑर्कुट लोकप्रिय झाले होते. भ्रमणध्वनीत कॅमेरा आल्यावर अल्बममधील छायाचित्र घराबाहेर पडले. ते कोणी हिसकावून नेले नाही. लोकांनी हौसेने, आप्तांना दाखविण्यासाठी ते मांडले. २०१० च्या डिसेंबरात फेसबुकने छायाचित्रातील चेहऱ्यांची नावे आपणहून सुचविण्याची सोय सुरू केली. वापरणाऱ्यांनी गंमत म्हणून केलेल्या नावनोंदीतून चेहऱ्यांचा वर्गीकृत संग्रह तयार होत होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीने ही प्रणाली बंद करून शंभर कोटींहून अधिक चेहऱ्यांच्या खुणा पुसण्याचे जाहीर केले, यावरून त्या संग्रहाच्या आकाराची कल्पना येते. दरम्यान क्लिअरव्ह्यू या अमेरिकी कंपनीने उघड्या संकेतस्थळांवरून तीनशे कोटींहून अधिक छायाचित्रे उचलून ती पोलिसांच्या शोधासाठी उपलब्ध केल्याचे जानेवारी २०२० मध्ये उघडकीस आले. अल्बममधला चेहरा पोलिसांच्या पेटीत पोहोचला.

भारतातही असा संगम घडला. दिल्ली पोलिसांनी चेहरा ओळखणारी प्रणाली घेतली ती हरविलेल्या मुलांच्या शोधासाठी. फेब्रुवारी २०२० मधील दंगलीनंतर तीच दंगलखोर ओळखण्यासाठी वापरली गेली. मतदार ओळखपत्रे व वाहनपरवाने यांवरील छायाचित्रे तिला पुरवून अकराशेहून अधिक माणसे ओळखल्याचे गृहमंत्र्यांनी ११ मार्च २०२० रोजी लोकसभेत सांगितले. मतदानासाठी दिलेला फोटो तपासासाठी वापरला जाईल, याची कल्पना तो देणाऱ्याला नव्हती. एका हेतूने केलेली नोंद दुसऱ्या हेतूसाठी वापरली जाणे, हा या दीडशे वर्षांच्या इतिहासातील सर्वांत स्थिर धागा होय.

या प्रणाली सर्वांना सारख्या अचूकतेने ओळखतात असेही नाही. स्त्री की पुरुष हे चेहऱ्यावरून ठरविणाऱ्या तीन व्यापारी प्रणालींच्या २०१८ मधील एका अमेरिकी अभ्यासात गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण अधिकात अधिक ०.८ टक्के, तर सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत आढळले. चेहरा ओळखण्याची प्रणाली ही त्याहून निराळी गोष्ट असली, तरी यंत्राला कोणते चेहरे पुरेसे दाखविले गेले, हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे.

आणि भय केवळ शासनाचे नाही. जुलै २०२१ मध्ये व पुन्हा जानेवारी २०२२ मध्ये मुस्लिम स्त्रियांची सामाजिक माध्यमांवरील छायाचित्रे उचलून आंतरजालावर त्यांचा खोटा ‘लिलाव’ मांडण्यात आला. त्यांत पत्रकार, वकील व विद्यार्थिनी होत्या. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी अटक केली. छायाचित्रे त्या स्त्रियांनी स्वतःच प्रसिद्ध केलेली होती, हे खरे. परंतु त्यावरून त्यांनी स्वतःवरील अधिकार सोडला होता असा निष्कर्ष काढणे म्हणजे मर्डीकर प्रकरणातील तत्त्वाला तिलांजली देणे होय.

या ठिकाणी २०२३ च्या अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातील एक तरतूद विचारार्ह ठरते. व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिकरीत्या उपलब्ध केलेली माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहे. अधिसूचित शासकीय यंत्रणांनाही देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था इत्यादी कारणांसाठी सूट देता येते. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. तथापि इतिहासाच्या दृष्टीने पाहता, छायाचित्रणाचा घरगुती प्रवाह आणि नोंदीचा सरकारी प्रवाह जेथे मिळतात, नेमक्या त्याच दोन जागा या कायद्याने मोकळ्या ठेवल्या आहेत.

समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, भारतात खासगीपणाचा हक्क घडला तो प्रामुख्याने ज्यांच्यावर संशय घेतला गेला त्यांच्या लढ्यांतून. ‘ज्याच्याजवळ लपविण्यासारखे काही नाही त्याने भ्यावे कशाला’ हा प्रश्न आज सर्रास विचारला जातो; गुन्हेगार जमातींच्या यादीतील माणसांजवळही लपविण्यासारखे काही नव्हते, तरीही त्यांच्या तीन-चार पिढ्या हजेरी देत राहिल्या.

दुसरी, साधनाच्या स्वरूपात मूलगामी बदल झाला आहे. बोटाचा ठसा घ्यावयाचा तर हात धरावा लागतो. माणसाला निदान कळते की आपली नोंद होत आहे. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण हाताच्या बाबतीत खरी ठरू शकते. चेहरा मात्र झाकून समाजात वावरता येत नाही. तो दुरून, नकळत आणि एकाच वेळी हजारोंचा टिपता येतो. पूर्वी संशय आधी येई व नोंद मागाहून होई. आता सर्वांची नोंद आधी तयार असते आणि संशयित तिच्यातून शोधला जातो. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना ज्या स्थितीत ठेवले, तिचे काही अंश प्रत्येक नागरिकाच्या वाट्याला आले आहेत. मात्र तिचा खरा भार अजूनही जुन्या यादीतील समाजांवरच अधिक पडतो.

तिसरी, ‘खासगी’ या शब्दाचा जुना अर्थ आज नव्याने उपयोगी पडणारा आहे. खासगी म्हणजे दडविलेले नव्हे, तर ज्याच्या विनियोगाचा अधिकार स्वतःकडे आहे ते. फोटो दाखविला म्हणून तो देऊन टाकला असे होत नाही, ही गोष्ट विवाहाचे स्थळ पाहणाऱ्या सामान्य कुटुंबांनाही ठाऊक होती आणि परत पाठविण्याच्या शिष्टाचारातून ती पाळली जात होती. कायद्याला अद्याप तेवढी स्पष्टता साधलेली नाही.

या विषयाच्या अभ्यासासाठी मराठीत विपुल सामग्री पडून आहे. सेटलमेंटच्या दप्तरांतील नोंदवह्या, जुन्या छायाचित्रालयांचे संग्रह, भटक्या-विमुक्तांची आत्मकथने आणि न्यायालयीन निकाल यांचा अभ्यास आजवर निरनिराळ्या ज्ञानशाखांत विखुरलेला राहिला. त्यांचे एकत्र वाचन झाल्यास भारतीय खासगीपणाचा इतिहास पाश्चात्त्य निबंधापासून नव्हे, तर येथील नोंदवहीत ज्यांचे ठसे उमटले त्या माणसांपासून लिहिता येईल.